मानपत्रातल्या दोन चुका

समलिंगी आणि तृतीयपंथी मुलांच्या आई-बापांचं आमचं मंडळ आहे. त्या पालक मंडळाचा मेळावा 6 सप्टेंबरच्या आसपासच्या रविवारी असतो, आणि दरवर्षी गणपती आडवे येतात. 2024 मध्ये 6 तारखेला हरतालिका, 2025 मध्ये अनंत चतुर्दशी. "तारीख पुढे घ्या" म्हणणारे पुढे घेतल्यावरही येत नाहीत. हजेरीची वही माझ्याकडे असते, म्हणून सांगते.

दीपप्रज्वलन, स्वागत, हिशेब हे आलंच. मी वाट बघते ती 'ओळखी'ची. नव्याने आलेली आई उभी राहून स्वतःचं नाव सांगते, मुलाचं किंवा मुलीचं सांगते, बस. यंदा एक बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. नाव सांगितलं आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "मुलाचं लग्न जमत नाही असं मी सगळ्यांना सांगते. तसं नाहीये ते." आणि खाली बसल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारणीने पाण्याची बाटली पुढे केली. मला दरवर्षी इथेच रडू येतं. घरी मी सर्दी म्हणून सांगते.

यंदा वकीलकाकांचा सत्कार होता. ते आमच्याकडे आले 2013 च्या डिसेंबरात. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा दिल्ली उच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 11 तारखेला फिरवला, आणि तुम्ही लोक मूठभरच, असंही त्यात म्हटलं. त्या संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात नऊ जण होतो. काका दारात चपला काढत म्हणाले, "मूठ बरीच मोठी दिसते."

मुलांना भेटायला बोलावून पैसे उकळणाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी त्यांनी फी न घेता चालवल्या. 2019 च्या कायद्याखाली तृतीयपंथी मुलांना जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र हवं असलं, की अर्ज काकाच तपासणार. आणि मेळाव्यात त्यांचं भाषण एकच: मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही. मुलं जांभया द्यायची. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांचा लग्नाचा हक्क मान्य करायला नकार दिला, त्यानंतर हीच मुलं वही-पेन घेऊन बसायला लागली. पुढच्या ऑगस्टमध्ये अर्थमंत्रालयाने खुलासा केला, की जोडीदाराबरोबर बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही. त्याच्या झेरॉक्स काकांनी स्वतः वाटल्या. पण समलिंगी म्हणून घरमालकाने घर नाकारलं तर कुठल्या कायद्याने भांडायचं, असं कुणी विचारलं की ते चष्मा पुसत बसतात. तसा कायदाच नाही.

मानपत्र मी लिहिलं होतं. वाचून होताच काकांनी शाल सावरत माईक मागितला. "दोन चुका आहेत. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377 2018 ला रद्द झालं असं लिहिलंय. झालं नव्हतं. सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध त्यातून वगळले. कलम गेलं ते 1 जुलै 2024 ला, दंड संहितेबरोबर. आणि हक्क मी मिळवून दिले नाहीत, मी अर्ज लिहिले." एवढं झाल्यावर मानपत्र फ्रेममधून काढून माझ्याकडे परत दिलं.

त्यात जे लिहिलं नाही ते इथे लिहिते. आमच्याकडे आया वर हॉलमध्ये येतात आणि बाप खाली स्कूटरपाशी थांबतात. काका दर मेळाव्यात मध्येच तंबाखू मळायला खाली जायचे, चांगला अर्धा तास. खाली पाऊस-पाणी, गाडीचं ॲव्हरेज असलंच बोलणं चालायचं म्हणे. तीन बाप असे वर आले. त्यातले एक आमच्या घरचे. वर येऊन पहिलं काय बोलले, तर "पंखा का लावला नाही?"

आता आभार. चौघांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही. खिचडी करणाऱ्या दोघी बहिणी, आजारपणातही हॉलची किल्ली पोचवणारे काका, सतरंज्या झटकणारी तिघं मुलं, हार आणून पैसे न घेतलेल्या ताई, माईकवाला, समईच्या वातींची आठवण ठेवणाऱ्या आजी. राहिलं कुणी तर रागावू नका, मला फोन करा.

राहिलाच की वॉचमन! खाली थांबणाऱ्या बापांसाठी तो दरवर्षी दोन खुर्च्या काढून ठेवतो. यंदा एकच लागली.