हात आखूड, पण पाय बघा

जानेवारी संपत आला की आमच्या धंद्यातली सगळी माणसं अलाबामातल्या मोबील गावात गोळा होतात, सीनियर बोलसाठी. कॉलेज संपवणारे निवडक खेळाडू आठवडाभर एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, कोचेसच्या हाताखाली प्रॅक्टिस करतात, शेवटी मॅच होते, पण मॅच बघायला आमच्यातले निम्मे थांबतही नाहीत, खरं काम प्रॅक्टिसमध्येच होतं. मी एका टीमच्या स्काउटिंग डिपार्टमेंटमध्ये, म्हणजे नवे खेळाडू हेरणाऱ्या खात्यात, व्हिडिओचं काम करतो. कॉलेजच्या मॅचचे तुकडे पाडायचे, प्रत्येक प्लेला टॅग लावायचा आणि स्काउट लोकांसोबत बसून तेच तेच परत बघायचं. माझ्याकडे ऑफेन्सिव्ह लाइन आहे.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल फार बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे त्याला वाचवायला जे पाच धिप्पाड गडी उभे असतात ती ऑफेन्सिव्ह लाइन, मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूला गार्ड आणि कडेला टॅकल. सेंटर सोडला तर बाकीच्यांचा बॉलला हातही लागत नाही, स्कोअरबोर्डवर नाव येत नाही, पण यातला एक जण अर्धा सेकंद कमी पडला की क्वार्टरबॅक आडवा झालाच म्हणून समजा.

त्या दिवशी माझं सगळं लक्ष एका लेफ्ट टॅकलवर होतं. छोट्या कॉलेजचा पोरगा, नाव सांगत नाही. त्याची टेप, म्हणजे कॉलेजच्या मॅचचे व्हिडिओ, मी पूर्ण बघितली होती आणि मला तो मनापासून आवडला होता. सकाळी मोजमाप होतं. पोरं नुसत्या शॉर्ट्सवर एकेक करून पुढे येतात, समोर सगळ्या टीम्सची माणसं वह्या घेऊन बसलेली, आणि आकडे मोठ्याने पुकारले जातात. उंची आम्ही चार आकड्यांत लिहितो, ६०४३ म्हणजे ६ फूट ४ इंच आणि वर तीन अष्टमांश. हाताची लांबी खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. याचा आकडा आला ३२ इंच आणि वर तीन अष्टमांश, आणि माझ्या पुढच्या रांगेतली तीन-चार पेनं एकदम हलली.

टॅकलचा हात किमान ३३ इंच हवा, ३४ असला तर फारच छान, असं बहुतेक टीम्स धरून चालतात, आणि हे काही उगाच नाही. क्वार्टरबॅकला पाडायला कडेने येणारा समोरच्या टीमचा एज रशर उंच आणि लांब हातांचा असतो, ज्याचा पंजा आधी समोरच्याच्या छातीवर बसतो त्याच्या ताब्यात पुढचा सगळा मामला जातो. म्हणजे आखूड हात हा खराच तोटा आहे. पण मग जो थॉमस? त्याचे हात साडेबत्तीस इंच आणि त्याने क्लीव्हलँडसाठी लेफ्ट टॅकलला सलग १०,३६३ स्नॅप, म्हणजे एकही डाव न चुकवता, खेळून दाखवले. २०२५ मध्ये एलएसयू कॉलेजच्या विल कॅम्पबेलचे हात कंबाइनला, म्हणजे एनएफएलच्या मोजमाप-चाचणीत, ३२ आणि पाच अष्टमांश भरले, त्याच्यावर नुसता काथ्याकूट चालला होता, शेवटी पॅट्रियट्स टीमने ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चौथ्या नंबरला त्याला घेतलाच. दुसरीकडे झॅक मार्टिन, नोट्र डेम कॉलेजला चांगला लेफ्ट टॅकल, हात आखूडच, पण डॅलसने २०१४ ला घेऊन सरळ गार्डला टाकला आणि त्या जागेवर तो ९ वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये, निवडला गेला. दोन्ही बाजूंना अशी उदाहरणं सापडतात त्यामुळे उदाहरणं फेकून वाद मिटत नाही, पोरगं समोर उभं करून बघावंच लागतं.

दुपारी साउथ अलाबामा युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये प्रॅक्टिस. सगळे थांबतात ते वन-ऑन-वन ड्रिलसाठी, एक रशर, एक लाइनमन, मागे क्वार्टरबॅकच्या जागी एक डमी. हा ड्रिल मुळातच रशरच्या बाजूने झुकलेला असतो, त्याला सगळी जागा मोकळी आणि लाइनमनला शेजारच्या गार्डची मदत नाही, त्यामुळे कोण किती वेळा हरला हे मोजून काही कळत नाही, कसा हरला ते बघावं लागतं.

पहिल्या रेपला, म्हणजे फेरीला, समोर मोठ्या कॉलेजचा लांब हातांचा रशर. शिट्टी झाली, त्याने एकच हात सरळ ताठ करून आमच्या पोराच्या छातीवर रोवला आणि त्याला मागे रेटत नेला, पोराचे हात त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. दुसऱ्या रेपला हुबेहूब तेच. आता तर तो जवळजवळ डमीवर जाऊन आदळला आणि स्टँडमध्ये कोणीतरी "गार्ड!" असं ओरडलं, म्हणजे हा टॅकलला नको, आत टाका. मी खाली त्याच्याकडेच बघत होतो. तो रांगेत मागे गेला, लाइनच्या कोचला काहीतरी विचारलं, कोचने स्वतःचं मनगट धरून खाली खेचून दाखवलं, पोराने मान हलवली, आणि रांगेत उभा राहून ती हालचाल हवेत तीनदा करून बघितली.

तिसऱ्या रेपला त्याने डावा हात किंचित पुढे केला, नुसता दाखवला, आणि मागे घेतला. रशरला वाटलं हा आता पंच मारणार, म्हणून त्याने घाईने आपला तोच ताठ हात बाहेर काढला, आणि ह्याने वरून दोन्ही हातांनी ते मनगट पकडून खाली खेचलं. रशर तोंडावर पडला. याला स्नॅच-ट्रॅप म्हणतात, एनएफएलमधले भलेभले टॅकल वापरतात, पण कालपर्यंत टेपमध्ये कधीच न दिसलेली गोष्ट दोन रेप हरल्यावर दहा मिनिटांत मैदानात करून दाखवणारा पोरगा मी तरी फार कमी वेळा बघितलाय. मला बसवेना, मी उठून उभा राहिलो.

रात्री हॉटेलवर ते तिन्ही रेप मागच्या कॅमेऱ्यातून बघितले आणि मग खरी गोष्ट दिसली. हरलेल्या दोन्ही रेपमध्येही त्याचे पाय कुठेच एकमेकांत अडकले नव्हते, रेटा आला की छोटी उडी मारून कंबर खाली घालून परत जमिनीत पाय रोवायचा प्रयत्न दोन्ही वेळा होता, फक्त हात उशिरा पडत होते. मी कोल्हापूरचा, लहानपणापासून खासबागेत कुस्त्या बघितलेल्या, पैलवान वरून कितीही दबलेला दिसला तरी पायाखाली जमीन धरून आहे ना हे आधी बघायची सवय तिथली. हात नीट वेळेवर टाकायला कोच शिकवू शकतो. तसले पाय बावीसाव्या वर्षी कोणी नवीन लावून देत नाही.

नंतर त्याची मुलाखत होती. बोर्डवर त्याने स्वतःच्या कॉलेजचं पास प्रोटेक्शन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवायची आखणी, काढून दाखवलं, समोरच्या डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला मधला लाइनबॅकर कोणाला धरायचं हे कोण ठरवतं, लाइन कुठे सरकते, डिफेन्सचे टॅकल आणि एंड आपसात जागा बदलून घुसले तर कोणी कोणाला सोडायचं, सगळं न अडखळता. सीनियर स्काउटने विचारलं, ते मनगट खेचणं कुठून आलं, तर म्हणाला हायस्कूलला कुस्ती खेळायचो सर, तिथे हे रोज करायचो, इथे चालतं हे मला माहीत नव्हतं. लाइनमन शोधताना स्काउट कुस्तीबद्दल विचारतात ते यासाठीच. स्टीफन नील तर १९९९ मध्ये कॉलेज कुस्तीच्या फायनलला ब्रॉक लेस्नरला हरवून आलेला, कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता, तरी पॅट्रियट्सकडे गार्ड झाला.

मीटिंगमध्ये मात्र जोरदार वाद झाला. सीनियर स्काउटचं म्हणणं, गार्डला टाकून आखूड हाताचा प्रश्न सुटत नाही, आत तर डिफेन्सिव्ह टॅकल अजून जवळ असतो, विचार करायला वेळच नाही. मुद्दा बरोबर होता आणि मी तो मान्यही केला. पण आत जागा कमी असते, दोन्ही बाजूंना माणूस असतो, मोकळ्या मैदानात पाठलाग करावा लागत नाही, आणि ह्याचं डोकं बघता सेंटरलाही चालेल असं मी म्हणालो. अली मारपेटचं नाव निघालं, होबार्टसारख्या डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे खालच्या गटातल्या, कॉलेजमधून तो ह्याच मोबीलला आला होता आणि २०१५ ला ड्राफ्टच्या दुसऱ्या राउंडला गेला होता. मी गार्ड, राखीव सेंटर, तिसरा राउंड असं लिहिलं. सीनियरने चौथा लिहिला आणि आमच्या ड्राफ्टच्या बोर्डवर सीनियरचाच आकडा लागला.

एप्रिलमध्ये तिसऱ्या राउंडच्या शेवटी दुसऱ्या एका टीमने त्याला उचलला, गार्ड म्हणून. आमचा तिसऱ्या राउंडचा पिक तेव्हा होऊन गेला होता. तो पिक त्याच्यावरच लावायला हवा होता असं मला अजूनही ठाम वाटतं, आणि ड्राफ्टनंतरच्या आढाव्यात मी ते सगळ्यांसमोर, तिसरा रेप पडद्यावर लावून, बोललोसुद्धा.