इस्तंबूलच्या कुत्र्यांच्या कानातला बिल्ला

इस्तंबूलला राहायला आलो त्या पहिल्याच सकाळी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या उंबऱ्यावर एक दांडगा, पिवळसर कुत्रा पाय पसरून झोपलेला दिसला आणि मी मुकाट्याने रस्ता ओलांडला. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, हे ऐकतच आमची पिढी वाढली. शेजारच्या आबलांनी (तुर्कीत थोरल्या बहिणीला आणि वयाने मोठ्या शेजारणीलाही ‘आबला’ म्हणतात) मला त्याच्याजवळ नेऊन त्याच्या कानातला प्लास्टिकचा बिल्ला दाखवला. बिल्ला असला म्हणजे नगरपालिकेने त्याची नसबंदी करून, त्याला रेबीजची लस टोचून, जिथून उचलले तिथेच आणून सोडले आहे.

2004 च्या 5199 क्रमांकाच्या कायद्याने ही पद्धत तुर्कस्तानात रूढ केली. कुत्री नुसती हटवली, तर मोकळ्या झालेल्या जागेत लस न टोचलेली नवी कुत्री शिरतात. उलट, साधारण सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली आणि ते प्रमाण टिकले, तर रेबीजची साखळी तुटते. 1910 मध्ये याच शहरातली हजारो कुत्री मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर नेऊन सोडली होती आणि ती तिथे भुकेने, तहानेने तडफडून मेली. आबला ती गोष्ट आजही आवाज खाली आणून सांगतात.

जुलै 2024 मध्ये मात्र कायदा बदलला. रस्त्यांवर सुमारे 40 लाख कुत्री असल्याचे सरकारने सांगितले. आता त्यांना निवाऱ्यात ठेवायचे आणि आक्रमक किंवा असाध्य रोग झालेल्यांना मारायचे, असे ठरले. ज्यांच्या मुलांचे लचके तोडले गेले, त्या आईबापांचा संताप मी खोटा म्हणणार नाही. तरीही माझे मत असे की, दोष पद्धतीचा नव्हता. अनेक नगरपालिकांनी नसबंदीची सोयच उभी केली नाही आणि पिल्ले वाढत गेली.

नेटाने केले तर काय होते, हे गोव्यात दिसले आहे. तिथे लसीकरणाची पथके जाळी घेऊन वर्षानुवर्षे गल्लोगल्ली फिरली आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

आबलांनी परवा विचारले, “तुमच्याकडे कसे ओळखता?” मी म्हटले, आमच्याकडे बिल्ला नसतो, कानाला खाच असते. त्यांनी झोपलेल्या कुत्र्याचा कान दोन बोटांत धरून, खाच नेमकी कुठे असते ते मला दाखवायला लावले.