आता सोड

सप्टेंबरात मुलीकडे स्कॉटलंडला गेलो होतो. तिथून उत्तरेला अ‍ॅसिंट नावाच्या डोंगराळ मुलखात गेलो. तिकडे शेकडो तळी आहेत, तळ्याला लॉख म्हणतात. मासे धरायचा दिवसाचा परवाना काढला आणि दलदलीतून दीड तास चालत एका लॉखवर पोचलो. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, समोर सुइल्व्हनचा एकटा डोंगर.

वाटाड्याने दोरीला तीन खोट्या माश्या बांधल्या, म्हणजे माशीसारखे दिसणारे पिसं गुंडाळलेले गळ. शेवटची ब्लॅक पेनेल: काळं अंग, त्यावर चांदीची तार, मानेशी कोंबड्याचं काळं पीस. वजन जवळपास नाहीच. आपला गळ शिशाच्या भाराने लांब जातो. इथे भार जाड दोरीचा, माशी नुसती तिच्यामागून जाते. म्हणून काठी मागे नेली की थांबायचं, दोरी पाठीमागे हवेत सरळ होईपर्यंत. घाई केली की सगळा गुंता.

तासभर जमेना. मग बाबांचा पाग आठवला, कडेला शिसं लावलेलं फेकायचं जाळं. ठाण्याच्या खाडीत गुडघाभर चिखल, जाळ्याची एक कड दातांत, बाकीचं हातावर. कंबर मागे वळली की बाबा क्षणभर थांबायचे. "शिसं मागं गेलं? आता सोड." मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. तेच मनात म्हटलं आणि दोरी पाण्यावर अलगद उतरली.

वाऱ्याने बारीक लाटा उठल्या होत्या. ते बरंच, कारण लाटांमुळे ट्राउट माशाला काठावरचा माणूस नीट दिसत नाही, आणि मिज नावाची चावरी चिलटंही वाऱ्यात टिकत नाहीत. वरची माशी पाण्यावरून ओढत होतो तेवढ्यात पाणी फुटलं. नऊ इंचांचा असेल. सोनेरी-तपकिरी अंग, काळे नि लाल ठिपके. अशा तळ्यांत खाणं कमी, मासा फार वाढत नाही. आधी हात ओला केला, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग गळ सोडवला आणि त्याला पाण्यात जाऊ दिलं.

चेंदणी कोळीवाड्यात परतल्यावर आईने विचारलं, "हातात आलेलं म्हावरं सोडलंस?" तिला अजून ते पटलेलं नाही, आणि मला तिचं चूक वाटत नाही.

बाबांनी वेगळंच विचारलं. "मागं किती थांबायचं?"

उजवा खांदा गेल्यापासून त्यांचा पाग खुंटीवर आहे. काल संध्याकाळी काठी घेऊन दोघं बंदरावर गेलो. माशी लावली नव्हती, नुसती दोरी. माझी तिसरी फेक झाल्यावर बाबांनी काठी डाव्या हातात मागून घेतली.