अण्णाच्या पडवीतून आलेली वायर

साडेतीन महिने माझं घर चुलतभावाच्या मीटरवर चाललं. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत वर अण्णाचं घर, खाली माझं. वडिलांच्या गोठ्याच्या जागी बांधलेल्या दोन खोल्या, एवढंच. कल्याणची नोकरी संपल्यावर २०२५ च्या उन्हाळ्यात काम पुरं केलं. बांधकामाला म्हणून अण्णाच्या पडवीतल्या प्लगवरून वायर ओढली होती, ती काढायची राहूनच गेली. फणसाच्या फांदीवरून, न्हाणीच्या पत्र्याला टेकत ती माझ्या खिडकीतून आत यायची. हे नियमात बसत नाही हे ठाऊक होतं. पण वाडीत निम्म्या नव्या घरांची सुरुवात अशीच होते, म्हणून मीही कानाडोळा केला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "भावजी, यंदा बिल जरा जास्तच आलंय हो." तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. मी अर्धं बिल देत होतो आणि आपण चोख वागतोय असं समजत होतो. मग बिल उलटंसुलटं करून पाहिलं. घरगुती दर टप्प्यांचा असतो. पहिले १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० त्याहून बऱ्याच चढ्या दराने. अण्णाचं घर कधी शंभराच्या वर जात नसे. माझा फ्रिज आणि पंखे लागल्यावर दोन्ही घरं मिळून वरच्या टप्प्यात. म्हणजे महाग युनिट सगळे माझे, आणि मी अर्ध्यावर सुटत होतो. त्याच दिवशी ठरवलं, गणपतीच्या आत स्वतःचा मीटर. गणपती २७ ऑगस्टला होते.

बाजारात एक जण ही कामं करून देतो. त्याने साडेनऊ हजार सांगितले. "काका, तुम्ही फक्त आधार द्या, बाकी बघायचंच नाही. तिथं ओळख लागते." ओळख नव्हती, आणि साडेनऊ हजार उगाच द्यायची इच्छा त्याहून नव्हती.

वीज कंपनीला आमच्याकडे अजून सगळे ‘बोर्ड’च म्हणतात. मंडळ मोडून २००५ मध्ये वितरणाची वेगळी कंपनी झाली, पण जिभेवरचं बोर्ड काही उतरलं नाही. तर त्या बोर्डाचा अर्ज, ए-वन फॉर्म, मोबाइलवरच भरता येतो. नाव, पत्ता, घरगुती वापर, सिंगल फेज. मग शेजारच्या ग्राहकाचा क्रमांक, म्हणजे बिलावरचा बारा आकडी नंबर आणि बिलिंग युनिटचे चार आकडे. माझं घर कोणत्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पडतं ते त्यावरून कळतं. अण्णाचं बिल हातात होतंच.

मग विचारलं, भार किती? इथे मी वही घेऊन बसलो. पाच एलईडी बल्ब ९ वॅटचे, दोन पंखे ७५ चे, फ्रिज दीडशे, टीव्ही ८०, मिक्सर ७५०, इस्त्री हजार, विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा पंप म्हणजे ३७३. बेरीज २५४८. शेजारचा एक म्हणाला होता, एकच किलोवॅट लिहा, स्वस्तात सुटाल. मी तीन लिहिले. खरं तेच लिहावं, कारण पुढे वायरिंग तपासणीच्या टेस्ट रिपोर्टवर घरातली एकूणएक वस्तू येतेच.

९ जूनला अर्ज गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. चूक शंभर टक्के माझी. जागेचा पुरावा म्हणून मी तलाठ्याकडचा आठ-अ जोडला होता. तो शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. घराला लागतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, ज्याला आमच्याकडे असेसमेंट म्हणतात. दोन्हीत आठ आहे, एवढंच साम्य. सातबारा तर जोडून उपयोगच नव्हता. आमच्या गटावर सतरा नावं आहेत, त्यातली तीन माणसं आज हयात नाहीत, दोघांचा पत्ता कुणाला माहीत नाही. कोकणात ज्याचं घर सामायिकात आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

ग्रामपंचायतीत नमुना ८ काढला आणि हसावं की रडावं कळेना. घराच्या जागी नोंद होती ‘गोठा’, आणि नाव वडिलांचं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. म्हणजे कागदावर मी एका दिवंगत माणसाच्या गोठ्यात राहत होतो आणि त्याला वीज मागत होतो.

खरे दिवस गेले ते इथे. वापर बदलून नव्याने आकारणीचा अर्ज, वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बहिणीची नाहरकत, थकलेली घरपट्टी. मग मासिक सभेत ठराव, मग नोंद. बहीण पुण्याला असते. फोनवर म्हणाली, "सही देते, पण माझ्यासाठी एक कॉट ठेवायची त्या घरात." कॉट ठेवली आहे. तिचं मूळ पत्र पोस्टाने यायला आठ दिवस लागले, आणि तेवढ्यात जूनची सभा होऊन गेली. पुढची जुलैत.

मधल्या काळात विरारच्या धाकट्या चुलतभावाचा फोन. त्याच्या कानावर गेलं होतं. "मीटर घेतोयस म्हणजे जागा तुझी झाली काय रे?" मी चिडलो आधी. मग विचार केला, तो दूर बसलाय, त्याला कोण काय सांगत असेल कुणास ठाऊक. त्याला शांतपणे सांगितलं की २००३ च्या वीज कायद्यातलं कलम ४३ मालकालाच नाही, जागेत राहणाऱ्यालाही वीज मागायचा हक्क देतं. भाडेकरूही मीटर घेतो, म्हणून तो घरमालक होत नाही. तरी त्याचं समाधान होईना. शेवटी साध्या कागदावर लिहून दिलं, ‘या मीटरमुळे सामायिक जागेतल्या कोणाच्याही हिश्शाला बाध येत नाही’, खाली सही, आणि फोटो काढून पाठवला. तो कागद कंपनीने कधी मागितला नाही. तो भावकीसाठी होता, आणि सगळ्या फायलीत उपयोगाचा तोच ठरला असं माझं मत आहे.

टेस्ट रिपोर्टवरही एक सही लागते, आणि ती आपल्याला करता येत नाही. परवाना असलेल्या इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचीच हवी. मी शोधलेले गृहस्थ साठीचे, बोलायला कमी. पावसात छत्री धरून आले, मेन स्विच बंद केला, सगळे बल्ब काढायला लावले, आणि मेगर, म्हणजे इन्शुलेशन मोजायचं यंत्र, जोडून मिनिटभर काट्याकडे पाहत राहिले. वायरिंगचं इन्शुलेशन एक मेगोहमच्या खाली जाता कामा नये. काटा ०.३ च्या आसपास रेंगाळला. "कुठंतरी ओल आहे," एवढंच म्हणाले. मग एकेक सर्किट सुटं करत गेले. मागच्या दारावरचा होल्डर सोडवला तसा काटा झटकन वर गेला. होल्डर उघडला तर आत चमचाभर पाणी आणि एक मेलेली मुंगी. पन्हाळीचं पाणी पाइपातून थेट तिथे उतरत होतं. मी त्या दिव्याचं बटण ओल्या हाताने किती वेळा दाबलं असेल, याचा हिशोब तेव्हा नाही केला.

अर्थिंगचा आकडा बरा आला. मी खूश. ते म्हणाले, "आता पाऊस आहे म्हणून. जांभा आहे हा, मे महिन्यात सुकला की बघा." खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला होता, तरी उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, तोही त्यांनीच बसवायला लावला. पैसे घेतले, पावती दिली, चहा नको म्हणाले.

२८ जुलैला नवा नमुना ८ हातात आला. ‘गोठा’ जाऊन ‘घर’, आणि नाव माझं. त्याच संध्याकाळी पुन्हा अर्ज. नव्या जोडणीची मुदत ग्रामीण भागात पूर्वी ३० दिवसांची होती, केंद्राच्या २०२४ च्या सुधारणेनंतर ती १५ वर आली आहे. पण हे दिवस मोजायचे अर्ज पूर्ण झाल्यापासून. माझे जूनपासूनचे पन्नास दिवस त्यात कुठेच धरले जात नाहीत, आणि खरं तर धरावेतही का?

पाहणीला दोघे आले. जवळचा खांब अण्णाच्या अंगणात, पण तिथून सरळ वायर आणायची तर ती विरारवाल्याच्या मोकळ्या अंगणावरून जाणार. मी काही बोलायच्या आत अण्णाच म्हणाला, "तिकडून नको, पुन्हा फोन येईल." खालच्या पाणंदीतला खांब टेप लावून मोजला. २८ मीटर. तीसच्या आत, त्यामुळे नवा खांब उभारावा लागला नाही. फणसाची एक फांदी तेवढी उतरवली.

दोन दिवसांनी कोटेशनचा मेसेज आला. जोडणीचे पैसे आणि अनामत, दोन्ही ऑनलाइन भरले. ते आणि टेस्ट रिपोर्टचे धरून एजंटने सांगितलेल्या आकड्याच्या निम्मेही झाले नाहीत.

मंगळवारी, १९ ऑगस्टला, पावसाने उसंत दिली आणि लाइनमन शिडी घेऊन आला. मीटरच्या पेटीला सील लावल्यावर मला सीलचा नंबर आणि सुरुवातीचं रीडिंग दाखवलं. मी दोन्हीचा फोटो काढून ठेवला, तुम्हीही काढा. मग त्याने मेन वर केला. मीटरवरचा लाल ठिपका संथ लुकलुकू लागला. फ्रिज सुरू केला तसा त्याचा वेग वाढला. मी बराच वेळ ते बघत उभा राहिलो. बायको म्हणाली, "आत या आता, त्याच्याकडे बघून बिल कमी येणार नाही."

संध्याकाळी अण्णा आला. प्लग काढला, फणसावरची वायर ओढून घेतली आणि कोपर-अंगठ्यावर गुंडाळत उंबऱ्याशी बसला. मी म्हटलं, "टाक ती, ठिकठिकाणी सोललीय." त्याने एक सोललेली जागा बोटाने चाचपली, खिशातून चिकटपट्टी काढली.

"टाकतो कशाला? मखराला पुरेल."