होमलॅब नोंद ७: बॅकअपवालीला कुठे अडवायचं?

माझ्या होमलॅबचं (घरातली सर्व्हरची प्रयोगशाळा) मागच्या नोंदीत रडगाणं गायलं होतं: रात्री बॅकअपची व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकात चालणारा आभासी संगणक) सुरू झाली की डीएनएसवाली (नावावरून पत्ता शोधून देणारी) व्हीएम मान टाकते. होस्ट (या व्हीएम चालवणारा खरा संगणक) एकच, त्याला १ गिगाबिटची एकच केबल, आणि ती डेटा सेंटरमधून निवृत्त झालेल्या माझ्या लाडक्या स्विचच्या ट्रंक पोर्टात (अनेक व्हीएलॅन, म्हणजे आभासी उपजाळी, एकत्र वाहणारं तोंड). एवढा दांडगा स्विच आहे तर लगाम त्याच्याच हाती द्यावा, असं ठरवून बॅकअपच्या व्हीएलॅनवर ३०० एमबीपीएसचा (सेकंदाला मेगाबिट) इनग्रेस पॉलिसर लावला, म्हणजे आत येणारा जादा ट्रॅफिक फेकून देणारा पहारेकरी. बर्स्ट, म्हणजे एका दमात जाऊ द्यायची मुभा, ३२ केबी.

वेग मोजणाऱ्या आयपर्फने दाखवले जेमतेम ११० एमबीपीएस. आलेख करवतीच्या दातांसारखा.

मग कागद घेऊन बसलो. केबलवरून सेकंदाला १२५ एमबी (मेगाबाइट; १ बाइट म्हणजे ८ बिट) येतात, पॉलिसरच्या बादलीत टोकन (पुढे जायचे परवाने) पडतात ३७.५ एमबीचे. म्हणजे ३२ केबीची बादली ०.४ मिलिसेकंदाच्या आतच कोरडी, तेवढ्यात पूर्ण आकाराच्या तीसेक फ्रेम (केबलवरून जाणारे डेटाचे तुकडे) जातात. आता होस्टचं नेटवर्क कार्ड काय करतं? टीएसओ (मोठा तुकडा कार्डानेच कापायची सोय) चालू असल्याने ६४ केबीचा तुकडा घेतं, त्याच्या पंचेचाळीसेक फ्रेम पाडतं आणि एकामागोमाग एक पूर्ण वेगाने सोडतं. शेपटीतल्या बहुतेक फ्रेम पॉलिसर फेकून देतो, टीसीपी (डेटा पोचतोय का ते बघत वेग ठरवणारा प्रोटोकॉल) घाबरून वेग खाली आणतं, आणि पुन्हा तेच. पॉलिसर रांग लावत नाही, नुसता फेकतो. हे मला पाठ होतं, पण डोळ्यांनी आत्ता पाहिलं. बर्स्ट १ एमबी केल्यावर गाडी २७० पर्यंत गेली.

खूश झालो आणि पिंग (जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लावून बघितला. डीएनएस अजूनही अडखळतंय! कारण समजल्यावर कपाळावर हात मारला. पॉलिसर आहे केबलच्या पलीकडच्या टोकाला. गर्दी होते ती अलीकडे, होस्टच्या कार्डाच्या रांगेत. बॅकअपचं पॅकेट स्विचने फेकलं तरी ते केबलवरची जागा खाऊन झालेलं असतं. शिवाय एकाच होस्टवरच्या दोन व्हीएम आपसात बोलतात तेव्हा ब्रिज (होस्टमधला आभासी स्विच) ते आतल्या आत मिटवतो, स्विचला पत्ताही लागत नाही. तो ट्रॅफिक बाहेर नेऊन परत आणायची सोय ८०२.१क्यूबीजी मानकाच्या व्हेपा या पद्धतीत आहे, पण माझ्या म्हाताऱ्या स्विचला ती येत नाही.

म्हणून मोर्चा होस्टकडे. लिबव्हर्टमध्ये (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) व्हीएमच्या आउटबाउंडला (बाहेर जाणाऱ्या डेटाला) ३००००० लिहिलं. काही फरकच नाही. तासभर डोकं आपटल्यावर कळलं की तिथलं एकक सेकंदाला किलोबाइट आहे, किलोबिट नव्हे. मी तिला २.४ गिगाबिटची मुभा देऊन बसलो होतो! ३७५०० लिहिल्यावर मर्यादा लागली, पण आलेखात पुन्हा करवत. व्हीएमचं आउटबाउंड म्हणजे होस्टच्या टॅपवरचं (व्हीएमला होस्टशी जोडणारं आभासी कार्ड) इनग्रेस, आणि तिथे लिबव्हर्टही पॉलिसरच बसवतं. रांग मिळते ती फक्त इनबाउंडला (व्हीएमकडे येणाऱ्या डेटाला).

शेवटी ते काढून टाकलं आणि होस्टच्या खऱ्या कार्डावर एचटीबी (वेग वर्गांत वाटून देणारी रांग) उभं केलं. मूळ वर्ग ९४० एमबीपीएस, मुद्दाम केबलच्या वेगाहून थोडा कमी, म्हणजे रांग कार्डात न लागता आपल्या ताब्यात राहते. बॅकअपला हमी ३०० ची, इतर गप्प असतील तर ९०० पर्यंत मोकळीक. डीएनएसला हमी फक्त ५० ची, पण प्राधान्य पहिलं. प्रत्येक वर्गाखाली रांग आखूड ठेवणारं एफक्यू-कोडेल. बॅकअप ऐन भरात असताना पिंग आधी ४० मिलिसेकंदांच्या वर जायचा, आता २ च्या आत. आणि बॅकअपवालीला तिचे ३०० सरळ रेषेत मिळतात, मोकळ्या वेळी त्याहून बरेच जास्त. स्विचवरच्या पॉलिसरला तर ही उसनवारी कधीच जमली नसती.

स्विचवरचा पॉलिसर उतरवला आहे. पण स्विचला अजून घरी बसवत नाही. रिस्टोअर (बॅकअपमधून डेटा परत आणणं) करताना सगळं उलटं होतं: डेटा बाहेरून होस्टकडे येतो, आणि गर्दी होते ती स्विचच्या होस्टकडे जाणाऱ्या पोर्टावर. तिथे होस्टवरच्या एचटीबीला काडीचीही किंमत नाही. त्या पोर्टाच्या एग्रेसवर (बाहेर जायच्या बाजूला) आठ रांगा आहेत. डीएनएसच्या फ्रेमना पीसीपी (फ्रेमवरचा प्राधान्याचा आकडा) ५ देऊन त्यांची रांग स्ट्रिक्ट प्रायॉरिटीवर (कायम आधी मान) टाकली आहे, बॅकअपच्या रांग क्रमांक १ वर शेपर (जादा फ्रेम फेकण्याऐवजी थोपवून धरणारा) लावला आहे. चाचणी बाकी आहे, कारण त्यासाठी एक व्हीएम खरोखर पुसून परत आणावी लागेल आणि अजून तेवढा धीर झालेला नाही.