खपलीला तांबेरा शिवत नाही?

आमच्या सांगली भागात खपली गहू करणारी जुनी माणसं छातीठोकपणे सांगतात, "खपलीला तांबेरा शिवत नाही." तांबेरा म्हणजे गव्हावर पडणारा बुरशीचा रोग. माझी आजीही हेच म्हणायची. पुढे वनस्पती रोगशास्त्र शिकताना कळलं, की अमेरिकेत मिनेसोटात एल्विन स्टॅकमन या रोगशास्त्रज्ञाने काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखायला बारा गव्हांचा संच वापरला होता, त्यात 'खपली' याच नावाने आपला गहू होता! कोणत्या गव्हावर फोड येतात आणि कोणत्यावर नाही, यावरून बुरशीचा प्रकार ठरायचा.

हे पानावर बघण्यासारखं असतं. रोगाला बळी पडणाऱ्या रोपावर विटकरी फोड फुटतात, बोट फिरवलं की भुकटी लागते. प्रतिकारक रोपावर त्याच जागी टाचणीच्या टोकाएवढे करडे ठिपके दिसतात, बस. बुरशीने आत सोडलेलं प्रथिन रोपाने ओळखलं, की तिथल्या पेशी स्वतःच मरतात. तांबेऱ्याला जिवंत पेशीच लागते, त्यामुळे तो उपाशी मरतो. पण त्या प्रथिनाचं जनुक बदललं किंवा गळालं, की रोपाला शत्रू दिसतच नाही. रोपाचं एक जनुक आणि बुरशीचं एक, अशी ही जोडी हॅरोल्ड फ्लोर या शास्त्रज्ञाने जवसाच्या तांबेऱ्यावर १९४० च्या दशकात दाखवून दिली.

काळ्या तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या जनुकांना 'एसआर' आणि पुढे क्रमांक असं नाव देतात. राय या धान्यातून गव्हात आलेलं 'एसआर ३१' जनुक जगभरच्या वाणांत गेलं आणि कित्येक वर्षं टिकलं. १९९८ साली युगांडात त्याला न जुमानणारा तांबेरा सापडला, तोच 'युजी ९९'. नंतर २००६ मध्ये केनियात त्याच्याच भाऊबंदाने 'एसआर २४' सुद्धा निकामी केलं. शिवारंच्या शिवारं एकाच जनुकाच्या भरवशावर उभी केली, की त्यातून निसटलेल्या एका बीजाणूला सगळं रान मोकळं मिळतं.

खपलीतलं 'एसआर १३' मात्र युजी ९९ पुढे टिकलं. याचा मला आजही अभिमान वाटतो. पण इथिओपियात, जिथे खपलीच्याच जातीचा गहू पूर्वापार पिकतो, तिथे एसआर १३ ला दाद न देणारे प्रकार आहेत. आजीचं वाक्य आमच्या रानापुरतं खरं होतं.

म्हणून बियाण्याच्या पिशवीवर नुसतं 'तांबेरा प्रतिकारक' वाचलं की मला राग येतो. कोणत्या प्रकाराला, ते कुठे लिहिलंय? महाबळेश्वरच्या गहू गेरवा (म्हणजे तांबेरा) संशोधन केंद्रात वाण मुद्दाम तांबेऱ्यापुढे उभे करून पारखतात, ते यासाठीच.

माझी स्वतःची भिस्त 'एसआर २' वर आहे. खपलीच्याच गोतातल्या 'यारोस्लाव एमर' या गव्हातून मॅकफॅडन या पैदासकाराने ते साध्या गव्हात आणलं. ते तांबेरा थोपवत नाही, फक्त त्याची वाढ मंदावतं. फोड येतात, पण कमी आणि उशिरा. शंभरेक वर्षं झाली, ते अजून कामाचं आहे. पैदासकार त्याच्या जोडीला आणखी दोन-तीन जनुकं घालतात. असा वाण मिळाला, तर पानावर चार फोड दिसले तरी मी तोच पेरेन.