१.५ चा रॉकर खरंच १.५ चा असतो का?

इथे मिशिगनमध्ये थंडी ओसरली की माझं गॅरेज उघडतं. यंदा नंबर लागला जुन्या शेवी (शेव्हरोले) पिकअपचा, ३५० घनइंची इंजिनवाला. क्याम (व्हॉल्व्ह हलवणारा उंचवट्यांचा दांडा) बदलायची हिंमत नव्हती (रेडिएटर काढा, टायमिंग कव्हर काढा, कोण करतंय), म्हणून म्हटलं नुसते रॉकर बदलू, १.५ चे काढून १.६ चे घालू.

रॉकर म्हणजे साधा सीसॉ हो. एका टोकाला पुशरॉड खालून ढकलतो, दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. मधल्या टेकूपासून व्हॉल्व्हकडची बाजू पुशरॉडकडच्या बाजूच्या दीडपट असेल तर क्यामचा लोब, म्हणजे त्यावरचा उंचवटा, जेवढं उचलेल त्याच्या दीडपट व्हॉल्व्ह उघडणार. माझा लोब ३०० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण ७.६ मिमी. दीडने गुणलं की ४५०, १.६ ने ४८०, झाला की ३० थाऊचा फायदा. कागदावर.

आधी जुनं मोजून ठेवावं म्हणून डायल गेज लावला, इंजिन हाताने फिरवलं, तर आकडा ४०५! तासभर त्या पत्र्याच्या रॉकर्सना शिव्या घातल्या आणि मग ट्यूब पेटली, अरे क्याम आणि पुशरॉडच्या मधले लिफ्टर हायड्रॉलिक, म्हणजे तेल भरलेले, आहेत, व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराने त्यांचा प्लंजर आत दबतोय आणि तेवढी लिफ्ट गिळतोय. मग त्या व्हॉल्व्हला हलकी चेकिंग स्प्रिंग लावून परत मोजलं, ४४२. म्हणजे रेशो १.४७. शिव्या अगदीच वाया गेल्या नाहीत म्हणायचं. नवे १.६ चे रोलर रॉकर लावल्यावर ४७७, म्हणजे प्रत्यक्षात ३५ थाऊ वाढले, हिशोबापेक्षा जास्त, कारण जुनेच कमी देत होते.

व्हॉल्व्ह उघडायची-मिटायची वेळ जवळपास तीच राहते, पण तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापायचं म्हणून तो झपकन उघडतो आणि हवेला जास्त जागा मिळते. माझा इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह १.९४ इंच व्यासाचा. व्यासाच्या पाव भागापर्यंत, म्हणजे ४८५ थाऊपर्यंत, लिफ्ट वाढवली की वाट मोठी होते, त्यापुढे पोर्टच, म्हणजे हेडमधली हवेची वाटच, आडवी येते. त्यामुळे ४७७ वर मी खूश.

पण स्प्रिंगचा जोर क्यामवर त्याच रेशोने जास्त पडतो, फ्लॅट टॅपेट क्याम (ज्यावर लिफ्टर रोलरशिवाय नुसता घासत चालतो) असेल तर जपून. स्प्रिंग पूर्ण दबायच्या आधी ६० थाऊ तरी शिल्लक हवेत. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मी हलकी चेकिंग स्प्रिंग असतानाच व्हॉल्व्ह पिस्टनला टेकेपर्यंत हाताने दाबून डायल गेजवर बघितलं.

एवढं करून फसलो ते वेगळ्याच ठिकाणी. १.६ करताना पुशरॉडचा खळगा टेकूच्या जवळ सरकवलेला असतो, म्हणजे पुशरॉडही तिकडे झुकतो. हाताने फिरवताना बारीकसा खर्रर्र आवाज आला, पुशरॉड बाहेर काढून उजेडात धरला तर एका बाजूला नखाएवढा चकचकीत पट्टा. हेडमधल्या भोकाला घासत होता. आता सोळाच्या सोळा भोकं लांबवायची, म्हणजे हेड उतरवायचं, म्हणजे क्याम न बदलून जो वेळ वाचवला होता तो गेलाच.